हूबरबाईची बशी

व्हिएन्नामधला आमचा शेवटचा दिवस कांदे चिरण्यात गेला. परत आल्यावर कॉलेजातल्या मैत्रिणींना हे सांगितलं तर त्यांनी मला वेड्यात काढलं. युरोपात जाऊन कुणी कांदे चिरतं का, असं त्यांचं म्हणणं. राजवाडा पाहिला, घोडागाड्या पाहिल्या, एवढालं चर्च पाहून मान दुखवून घेतली, हे सगळं त्यांना पटलं. पण शेवटच्या दिवशी जगातला तो जुना, प्रसिद्ध मोठा आकाशपाळणा बघायचा सोडून आमचं कुटुंब एका बशीपायी घरात अडकून पडलं, यावर त्यांचा आजही विश्वास नाही. आता आम्ही सगळ्याच पन्नाशीच्या आसपास आलो, कुणाकुणाची मुलं परदेशात आहेत, तरी भेटलो की त्या विचारतात, ‘सुजाता, तुमच्या भज्यांचं काय झालं होतं गं?’ म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते.

व्हिएन्नाला माझी आत्या राहायची. बाबांची मोठी बहीण. नागपूरला नर्सिंग शिकली, तिथल्या केरळी मैत्रिणींच्या नादानं ऑस्ट्रियात नोकरीला गेली आणि तिथलीच झाली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. ती रिटायर व्हायच्या बेतात होती तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षांत आमच्या यवतमाळचं नाव पार परदेशातल्या टीव्हीवर जाऊन पोचलं होतं, आणि ते कशामुळे हे वेगळं सांगायला नको. कापूस घरात होता, भाव नव्हता, माणसं जीव देत होती. आमची शेती नव्हती. बाबा यवतमाळला लागूनच लोहाऱ्याला, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये फिटर होते, कापूस आला तर मशीन चालायचं, नाही आला तर बाबा घरातले पंखे खोलून बसायचे. पण आत्यासाठी कापूस म्हणजे तिचा भाऊच. ती फोन करायची आणि ओरडायची, ‘बाबू, खरं सांग मले, तू बरा हायेस ना?’ बाबा म्हणायचे, ‘बरा हाय ना व बाई.’ त्यावर ती म्हणायची, ‘तू बरा हाय म्हन्तो म्हंजे काहीतरी हाय.’ शेवटी तिनं आम्हा तिघांची तिकिटंच पाठवली. एकदा डोळ्यांनी भाऊ बघितल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

इकडे बाबांच्या डोक्यात वेगळंच. आजी गेल्यापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता, बाईला, म्हणजे आत्याला, घरी आणायचं. मागच्या अंगणात दोन खोल्या बांधून काढल्या होत्या, त्यांना आकाशी रंग दिला होता कारण लहानपणी आत्याला तो आवडायचा, आणि एका खोलीला परदेशातल्यासारखा बाथरूम जोडला होता ज्याच्या नळाला पाणी एक दिवसाआड यायचं. ‘बाई एकटी पडली तिकडं,’ ते आईला सांगायचे, ‘आता रिटायर झाली का तिले घेऊनच येऊ.’ म्हणजे ती आम्हाला वाचवायला बोलावत होती आणि आम्ही तिला सोडवायला निघालो होतो. आम्ही तिकडे पोचेपर्यंत हे बहीणभावांनी एकमेकांना कळू दिलं नाही.

आत्याचं घर एका मोठ्या सरकारी इमारतीत होतं. मधोमध अंगण, चारी बाजूंनी खिडक्या, आणि इतकी शांतता की पहिल्या दिवशी आईला वाटलं, कुणीतरी वारलं असावं. जिन्यातलं दार हळू लावायचं, रविवारी कपड्यांचं मशीन लावायचं नाही, रविवारी ठोकाठोक नाही, असे नियम. आत्या घरात मोजे घालून चालायची. तिनं नागपूरहून नेलेला लोखंडी खलबत्ता तिच्याकडे अजून होता, पण ती तो पलंगावर, घडी केलेल्या गोधडीवर ठेवून कुटायची, आणि प्रत्येक घावानंतर थांबून कान द्यायची. कारण खालच्या मजल्यावर हूबरबाई. आत्या नवीन राहायला आली त्या पहिल्याच रविवारी तिनं ठेचा कुटला होता आणि हूबरबाईंनी खालून झाडूच्या दांड्यानं छताला ठोकलं होतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं म्हणजे लिफ्टमध्ये नमस्कार आणि दोघींनी दोन दिशांना बघणं. एवढी वर्षं. ‘इथी असंच राह्यते,’ आत्या म्हणायची. तिची भाषा ऐकून मला हसू यायचं. आम्ही पोरं इकडे टीव्ही बघून बघून पुस्तकी बोलायला शिकलो होतो, आणि व्हिएन्नात बसून आत्या मात्र आजीच्या वेळची वऱ्हाडी जशीच्या तशी बोलत होती.

बाबांनी आत्याला विचारायचा प्रयत्न अनेकदा केला. ते नुसतं ‘बाई, मी काय म्हन्तो,’ म्हणाले की आत्या उठायची आणि चहा ठेवायला जायची. त्या सुट्टीत आम्ही फार चहा प्यायलो. शेवटी बाबांनी मला विश्वासात घेऊन बेत सांगितला. शेवटच्या दिवशी पाळण्यात बसायचं. त्याच्या लाकडी डब्यात माणसं उभी राहतात, आणि तो अगदी वर जाऊन काही वेळ थांबतो, असं त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. ‘तथी विचारतो,’ बाबा म्हणाले, ‘तथून बाई चहा ठेवाले जाऊ शकत नाही.’ इतका चांगला बेत माझ्या बाबांनी आयुष्यात पुन्हा कधी केला नाही. शेवटचा दिवस रविवार होता आणि विमान संध्याकाळी होतं.

बेत मोडला तो आदल्या दिवशीच, आणि मोडला बाबांनीच. बाबा आणि मी जिना उतरत होतो, तेवढ्यात खालच्या मजल्यावर लिफ्टमधून हूबरबाई बाजाराची चाकांची पिशवी ओढत आल्या. उंच, काडीसारख्या, कचरा टाकायला जातानाही डोक्यावर टोपी. पिशवीचं एक चाक कुईकुई करत होतं. जिनिंगमधल्या माणसाला चाकाची कुरकुर सहन होत नाही. त्याचा सगळा जन्म ती बंद करण्यात जातो. बाबांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली, जिन्यात उलटी केली, बटाटे गडगडत खाली गेले, आणि मला म्हणाले, ‘पोरी, तुह्यं खोबऱ्याचं तेल आन.’ हूबरबाईंना वाटलं चोरी होते आहे. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. बाबांनी चाक काढलं, त्यात गुंतलेले केस आणि दोरे काढले, तेल घातलं, फिरवून दाखवलं, मग गुडघ्यांवर बसून बटाटे गोळा केले. आत्या धावत खाली आली आणि चार वेळा माफी मागितली. हूबरबाईंनी पिशवी एकदा पुढे, एकदा मागे ओढून बघितली. आवाज नव्हता. त्या आत गेल्या आणि दार लावलं.

रविवारी सकाळी आमच्या दाराशी पायपुसण्यावर एक बशी होती. पांढरी, काठाला निळी बारीक फुलं, एका जागी कपचा उडालेला. तीत सफरचंदाचं सारण भरलेली, पिठीसाखर भुरभुरलेली एक लांबलचक गुंडाळी, तिचे तुकडे केलेले. आईनं एक तुकडा खाऊन निकाल दिला, ‘साटोरीच हाय. पन आळशी बाईनं केलेली. एकच मोठी केली आन् कापून देल्ली.’ असं म्हणत तिनं तीन तुकडे खाल्ले.

आत्या आईला म्हणाली, ‘शांता, बशी धुवून तिच्या दाराशी ठेवून दे. मंग निघू आपन.’

आई बशी धूत होती. ती थांबली. ‘रिकामी?’

‘मंग कशी?’

‘बाई, रिकामं भांडं मी कोनाच्या घरी पाठवत नसते, तुमाले माईत हाय.’

आत्याला खरंच माहीत होतं. लोहाऱ्याला आमच्या ओळीत एका घरचं भांडं दुसऱ्या घरी गेलं की ते रिकामं परत येत नसे. काहीच नसेल तर कढीपत्त्याची एक डहाळी, मूठभर तुरीच्या शेंगा, अगदी चिमूटभर साखर तरी त्यात पडायची. आईचं यात फार कडक होतं. एकदा शेजारणीचा डबा मी शाळेच्या घाईत तसाच नेऊन दिला तर तिनं मला मागोमाग गुळाचा खडा घेऊन धावायला लावलं होतं. आता ती म्हणाली, ‘दुकानातून काहीतरी आना.’ आत्यानं सांगितलं, रविवारी दुकानं बंद. ‘सगळीच?’ आईनं विचारलं. तिचा त्या शहराबद्दलचा आदर त्या क्षणी संपला.

मग शेंगदाण्याचे लाडू ठरले. शेंगदाणे आणि गूळ आम्हीच आत्यासाठी आणले होते. भाजायला वेळ लागत नाही, पण कुटायचे कसे? आई पलंगावर मांडी घालून बसली, मांडीवर गोधडी, गोधडीवर खलबत्ता, वरून आत्याची थंडीची शाल. ‘हळू व शांता, हळू,’ आत्या दाराशी उभी राहून म्हणत होती. बाबा घड्याळ बघत होते. लाडू बशीत रचले आणि मला खाली पिटाळलं. मी बेल वाजवली, शिकलेला एकुलता एक शब्द म्हणजे आभार तो म्हटला, बशी दिली. हूबरबाईंनी मला थांबायची खूण केली, आत गेल्या आणि बशी घेऊन परत आल्या. बशीत जर्दाळूच्या मुरंब्याची बाटली होती. मी आनंदानं वर आले.

आईनं बशी पाहिली आणि कपाळाला हात लावला. ‘काहून आनली परत?’

‘तिनंच दिली.’

‘आन् तू घेतली? पोट्टीले अक्कल नाही!’

‘मग काय करू? फेकून देऊ?’

बाबा म्हणाले, ‘जाऊ दे ना आता. मुरंबा घेतला, झालं. चाल, पाळना बंद होईन.’ आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी बूट काढले. ‘कांदे चिरा,’ ती म्हणाली.

भजी करायची ठरली, कारण बेसन होतं आणि दुसरं झटपट होण्यासारखं काही नव्हतं. आत्या पहिल्यांदा खरी चिडली. भज्यांच्या तळणाचा वास अंगणात जाईल, सगळी इमारत नाकं मुरडेल, आणि हूबरबाई तर या वेळी झाडू घेऊन वरच येतील. ‘तुमी चालल्या आज. मले इथी राहाचं हाय,’ ती म्हणाली. हे वाक्य ऐकून चिरता चिरता बाबांचा हात थांबला. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते कांद्याचंच होतं, असं ते आजही सांगतात.

पहिला घाणा कढईत पडला आणि वास खिडकीतून बाहेर गेला. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. दुसरा घाणा काढत असताना बेल वाजली. आत्याचा चेहरा उतरला. तिनं केस सारखे केले, मोजे वर ओढले आणि ड्यूटीवर जावं तशी दाराकडे गेली. बाबांनी उगाचच चाकू पाठीमागे लपवला. दारात टोपी घालून हूबरबाई उभ्या. त्या काहीतरी बोलल्या.

‘काय म्हन्ते?’ आईनं कढईजवळून विचारलं.

‘ती म्हन्ते, कशाचा वास येऊन राह्यला.’

‘सांगा ना मंग, भज्याचा.’

आत्यानं सांगितलं. हूबरबाई पुन्हा बोलल्या. आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, ‘ती म्हन्ते, मंग खाली कवा येनार हायेत?’

आईनं गॅस बारीक केला, पदराला हात पुसले, दाराशी गेली आणि हूबरबाईंना दंडाला धरून आत आणलं. इतक्या वर्षांत त्या बाईचा पाय आत्याच्या घरात पहिल्यांदा पडला. त्यांनी टोपी काढली नाही. काट्याचमच्यानं भजं कापून खाल्लं, मग आईचं बघून हातानं खाल्लं, मग मिरचीचं लागलं तेव्हा उभ्या राहून खाल्लं. आई वऱ्हाडीत आणि त्या जर्मनमध्ये, दोघी पाण्यापासून तेलापर्यंत सगळं बोलल्या. आत्या मधे बसून इकडचं तिकडे करत होती. शेवटी हूबरबाईंनी हात पुसले, एकदा आत्याच्या पायांकडे आणि एकदा जमिनीकडे बोट दाखवलं, आणि बराच वेळ, हळू आवाजात, फक्त आत्याला काहीतरी सांगितलं. आत्या ऐकत राहिली. तिनं ते आम्हाला सांगितलंच नाही.

‘काय म्हन्ते इतकं?’ आईनं विचारलं.

‘भजे चांगले झाले म्हन्ते,’ आत्या म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

पाळणा गेला तो गेलाच. विमानतळाकडे जायला निघालो तेव्हा ट्रामच्या खिडकीतून तो दुरून दिसला, लाल डबे सावकाश वर चढत होते. बाबा मान वळवून दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. त्याच वेळी आई एकदम ओरडली, ‘बशी!’ हूबरबाईंनी भजी वरच खाल्ली होती. बशी आमच्याच ओट्यावर राहिली होती, धुतलेली आणि रिकामी. आत्या म्हणाली, देईन उद्या. आईनं भर ट्राममध्ये तिचा हात धरला. ‘पन रिकामी नोका देऊ, बाई. तुमाले माही शपथ हाय.’

विमानतळावर सामान गेलं, हातात फक्त पासपोर्ट राहिले, आणि जिथून पुढे आत्याला येता येणार नव्हतं ती जागा आली. तिथं चहा ठेवता येण्यासारखं काही नव्हतं. आयुष्यभर मशीनशी बोलत आले तसंच, आवाज न चढवता, खाली बघत बाबांनी विचारलं, ‘बाई, चाल ना व आता घरी. दोन खोल्या काढल्या तुह्यासाठी.’

आत्यानं त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी केली. एवढा मोठा माणूस, पण ती करत होती तोवर ते शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले. ‘हूबरबाईची बशी घरी पडली हाय, बाबू,’ ती म्हणाली. ‘भरून द्या लागते.’

‘एक बशी द्याले किती दिवस लागते?’

‘हूबरबाई परत भरून देईन ना.’

बाबा हसले, आणि हसता हसता त्यांनी बाहीनं डोळे पुसले, आणि या वेळी जवळपास कुठेही कांदा नव्हता. आत्याही रडली. मग तिनं आईला सांगितलं, मघाशी न सांगितलेलं. हूबरबाई म्हणाल्या होत्या की वर इतके पाय वाजतात तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं. एरवी त्या एकट्या आत्याचे पाय ओळखतात. ड्यूटीवरून आली, आंघोळीला गेली, पलंगाशी आली, सगळं त्यांना खाली कळतं. वरचे पाय थांबले, म्हणजे ही झोपली, की मग त्या दिवा मालवतात. ‘आन् मी इतके वर्षं मोजे घालून चालली,’ आत्या म्हणाली. ‘मले वाटे, बुढी पाळत ठेवते माह्यावर.’

बाबांनी नंतर कधी विचारलं नाही. आत्या रिटायर झाली, तिथेच राहिली. मोजे तिनं सोडून दिले. दर रविवारी फोन यायचा आणि आईचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘बशी कुठी हाय, बाई?’ आत्या सांगायची, ‘खाली हाय,’ नाहीतर ‘वर हाय.’ वर असली की आई लगेच फोनवरून काय कर, किती गूळ घाल, ते सांगायला लागायची. त्या बशीतून काय काय गेलं आलं ते आईला तोंडपाठ होतं. हूबरबाईंना साटोऱ्या आवडल्या, शेव आवडली, ठेचा मात्र त्यांनी भिंतीला लावायचा रंग समजून परत दिला, असं कळलं तेव्हा आई आठवडाभर हसत होती. मागच्या दोन खोल्यांत बाबांनी मोटारी दुरुस्त करायचं सामान ठेवलं, पण आकाशी रंग दर दिवाळीला नव्यानं दिला. पाणी यायचं तेव्हा तो नळ ते न चुकता सोडून बघायचे.

मग एका हिवाळ्यात आत्या म्हणाली, ‘वरच हाय.’ पुढच्या रविवारी पुन्हा, ‘वरच हाय. खाली दिवा लागत नाही.’ त्याच्या पुढच्या रविवारी आईनं विचारलं नाही.

आत्या कायमची परत आली तेव्हा मी माहेरी होते. ऑटो दाराशी थांबला. ती उतरली, खूप बारीक झालेली, आणि हातातली पिशवी तिनं बाबांना घेऊ दिली नाही. अंगणात उभ्या उभ्याच तिनं त्यातून टॉवेलात गुंडाळलेली बशी काढली. पांढरी, निळ्या फुलांची, तोच एक कपचा उडालेला.

‘रिकामीच आनली, शांता,’ आत्या म्हणाली.

आईनं दोन्ही हातांनी बशी घेतली, आत गेली, डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि ती लाडूंनी भरलेली बशी घेऊन बाहेर आली. ती तिनं आत्याच्या हातात दिली आणि मागच्या खोल्यांच्या किल्ल्या आणायला बाबांना पाठवलं.